त्रिनिदादची खेडी : एका दिवशी एकच दिशा

त्रिनिदादचा नकाशा पाहिला की पहिला मोह होतो तो दोन दिवसांत अख्खं बेट पालथं घालण्याचा. क्षेत्रफळ जेमतेम ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडं कमीच. पण सिंधुदुर्गात तरी सकाळी देवगड, दुपारी आंबोली आणि संध्याकाळी रेडी असा दिवस कोणी आखतं का? आखला तर गाडीत बसण्यापलीकडे हाती काही लागत नाही. इथंही तेच होतं. उत्तरेला दाट रानाची डोंगररांग, मध्यभागी उसाच्या जुन्या मळ्यांची सपाटी, दक्षिणेला तेलाचा आणि डांबराचा मुलूख, पूर्वेला मैलोन् मैल नारळ. चारही भागांची माणसं वेगळी, जेवणं वेगळी, बोलण्याचा हेलही थोडा वेगळा. म्हणून माझं पहिलं आणि आग्रहाचं सांगणं : एका दिवशी एकच दिशा धरा, पहाटे निघा आणि अंधाराच्या आत मुक्कामी परत या.

माझी मावसबहीण तिथल्या सेंट ऑगस्टिनच्या विद्यापीठात काही वर्षं शिकवत होती. तिच्याकडे मी तीन वेळा राहून आले. पहिल्या खेपेला केलेल्या चुका दुसऱ्या खेपेला टाळल्या, तिसऱ्या खेपेला खरी खेडी पाहिली. त्यातून जमलेलं सगळं इथं मांडते आहे.

कधी जायचं

साधारण जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पाऊस. हे बेट अगदी दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या कुशीत असल्यामुळे कॅरिबियनमधली बहुतेक चक्रीवादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. तरी पावसाळ्यात डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी कोसळतात, आणि खेडी पाहायची तर हेच रस्ते लागतात.

मला विचाराल तर मार्चअखेर ते एप्रिल हा काळ सगळ्यात चांगला. रस्ते कोरडे असतात, समुद्री कासवं किनाऱ्यावर यायला लागलेली असतात, आणि पानं गाळलेली पोईची झाडं पिवळ्या-गुलाबी फुलांनी नुसती पेटलेली असतात. गुड फ्रायडेही याच सुमारास येतो. त्याचं महत्त्व पुढे सांगते. दुसरा पर्याय दिवाळीच्या आठवड्याचा, पावसाची तयारी ठेवून. कार्निव्हलचे दिवस मात्र खेड्यांसाठी टाळा. तेव्हा सगळी गर्दी राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला लोटते आणि खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात.

निघण्याआधीची कामं

सगळ्यात आधी लस. त्रिनिदाद पीतज्वराच्या यादीत आहे, आणि तिथून भारतात परतणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंतच्या विलगीकरणात जावं लागू शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिथं तारीख मिळायला वेळ लागतो. तिकीट काढलं की लगेच या कामाला लागा.

भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो किंवा पनामामार्गे जावं लागतं, आणि बऱ्याचदा वाटेतल्या देशाचा पारगमन व्हिसा लागतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा हवाच. स्वस्त तिकिटाच्या मागे लागण्याआधी हे पाहा. त्रिनिदादचा स्वतःचा प्रवेशनियम त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून ताजा विचारून घ्या.

सामानाबद्दल तीनच गोष्टी. लष्करी रंगांचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे अजिबात नेऊ नका. नागरिकांनी ते घालणं तिथं गुन्हा आहे, लहान मुलाची टोपीसुद्धा चालत नाही. वीज ११५ व्होल्टची आणि सॉकेट अमेरिकी पद्धतीची असतात, त्यामुळे जोडपिन न्या. आणि बंद बूट घ्या. रानात मॅपीपी नावाचा अतिविषारी साप असतो. चपला घालून पायवाटेला लागू नका.

मुक्काम आणि गाडी

मुक्काम पोर्ट ऑफ स्पेनला करू नका. मध्यावर शगवानस हे मोठं बाजारगाव आहे, तिथं किंवा आसपासच्या कूवा, फ्रीपोर्ट भागात साधी अतिथीगृहं मिळतात. तिथून उत्तर आणि दक्षिण दोन्ही हाताशी राहतात. फक्त ईशान्य टोकाला जाताना एक रात्र तिकडेच काढायची.

गाडी भाड्याने घ्या. रस्त्याची डावी बाजू, उजव्या हाताचं सुकाणू, सगळं आपल्यासारखंच. आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच काढून न्या. गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून जादा चाक आणि जॅक स्वतः बघा. पहिल्या खेपेला आम्हाला मिळालेल्या गाडीत चाक होतं, जॅक नव्हता, आणि हे कळलं मोरुगाच्या वाटेवर, भर दुपारी. शेजारच्या अंगणातून एक काका न बोलावता आपला जॅक घेऊन आले म्हणून निभावलं.

गाडी चालवायची नसेल तर मॅक्सी-टॅक्सी आहेत, म्हणजे आपल्या वडापच्या मोठ्या बहिणी. पांढऱ्या गाडीवरच्या पट्ट्याच्या रंगावरून दिशा कळते : पिवळा पट्टा राजधानी परिसराचा, लाल पूर्वेचा, हिरवा मध्य आणि सान फर्नांडोचा, काळा प्रिन्सेस टाऊनचा, तपकिरी नैऋत्येचा. गाडीच्या नंबरातलं पहिलं अक्षर ‘एच’ असेल तरच ती अधिकृत भाड्याची. ‘पी’ खासगी, ‘आर’ भाड्याने दिलेली. ‘पी’ नंबरच्या गाड्याही प्रवासी घेतात, त्यात बसू नका. मॅक्सीने मोठी गावं गाठता येतात, आतल्या वस्त्या मात्र राहून जातात.

आता पत्त्यांविषयी, कारण यावर आमचे दोन तास गेले होते. खेड्यात पत्ता असतो तो ‘एलपी ५२, अमुक ट्रेस’ असा. एलपी म्हणजे लाइट पोल, विजेच्या खांबाचा नंबर! ट्रेस म्हणजे मोठ्या रस्त्यावरून शेताकडे फुटलेली वाट, जी पुढे बऱ्याचदा कुठेच निघत नाही. फोनवरचा नकाशा अशा वाटेला बिनदिक्कत रस्ता समजतो. उत्तरेच्या डोंगरात फोनची रेंजही जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि शंका आली की माणसाला विचारा.

विचारायची रीत मात्र पाळा. दुकानात शिरताना, मॅक्सीत चढताना, रस्ता विचारताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, समोरच्याचं उत्तर येऊ द्यायचं, मग प्रश्न. थेट प्रश्न फेकला तर ते उर्मटपणाचं समजतात, आणि मला ते पटतं. अंधार पडल्यावर भेटताना ‘गुड नाइट’ म्हणतात. तो निरोप नसतो, आपला रामरामच असतो. आणि कोणी ‘जस्ट नाऊ’ म्हणालं तर ते आपलं ‘आलोच’ समजा आणि सावलीत बसा.

पहिला दिवस : मधली सपाटी

सहाच्या आत बाहेर पडा, कारण न्याहारी रस्त्यावर आहे. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, ज्यांना इथं ‘बारा’ म्हणतात, त्यांच्यात चण्याचा पातळसर रस्सा, वर काकडी, चिंच आणि मिरचीची चटणी. विक्रेता एका हातात कागद धरतो, दुसऱ्या हाताने बारा उलगडतो, डावाने चणे ओततो आणि कागदाला पीळ मारून तुमच्या हातात देतो. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. मागताना तिखटाचं प्रमाण सांगायचं असतं. ‘स्लाइट’ म्हणजे बेताचं. इथली मिरची आपल्या लवंगीला ऐकणारी नाही. जगातल्या जहाल मिरच्यांत गणली जाणारी मोरुगा स्कॉर्पियन याच बेटाची. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणा. उभ्यानेच खायचं, सुटे पैसे द्यायचे.

ही न्याहारी, ही सपाटी आणि तिच्यावरची वस्ती समजायला थोडा इतिहास हवा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर इथं उतरले. १९१७ पर्यंत करारावर येणाऱ्यांची संख्या १,४०,००० च्या वर गेली. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून निघालेले, काही मद्रासकडचे. मराठी गिरमिटिये गेले ते मॉरिशसला, इथं नव्हे. तरी मराठी माणसाचे कान इथं टवकारतातच. वडिलांच्या आईला इथं ‘आजी’ म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना ‘आजा’. आईकडचे नाना-नानी. आमच्या घरमालकीणबाई नातवाला दटावताना ‘तुझ्या आजीला सांगेन’ असं इंग्रजीतून म्हणाल्या, त्यातला ‘आजी’ हा एकच शब्द अगदी आपल्या उच्चारात होता. मी हातातलं काम टाकून वळून पाहिलं.

शगवानसच्या दक्षिणेला जुन्या सदर्न मेन रोडने जा, हमरस्ता सोडा. चेस व्हिलेजजवळ रस्त्याच्या कडेला कुंभारांची दुकानं लागतात. पिढ्यान्‌पिढ्या पणत्या, घट, झाडांच्या कुंड्या घडवणारी ही घरं आहेत. विचारलं तर मागच्या अंगणातली लाकडावरची भट्टीही दाखवतात. काहीतरी विकत घ्या, निदान चार पणत्या.

वाटेत घरांच्या अंगणात बांबूंवर लावलेल्या रंगीत झेंड्यांचे ताटवे दिसतील. त्याला झंडी म्हणतात. घरात पूजा झाली की नवा झेंडा रोवायचा. लाल झेंडा हनुमानाचा. जुना झेंडा उन्हापावसाने विरून जाईपर्यंत तिथंच राहतो, त्यामुळे त्या घराने किती पूजा केल्या हे रस्त्यावरूनच कळतं. फोटो काढण्याआधी घरच्यांना हाक मारा.

कारापिचायमाला पोचलात की दुरूनच ८५ फुटांचा हनुमान दिसतो. ज्या आवारात तो उभा आहे ते दत्तात्रेय योग केंद्र, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या दत्तपीठाचं. मंदिराची बांधणी दाक्षिणात्य. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ज्यांच्या घरात आहे, त्यांना अटलांटिकपलीकडे, उसाच्या जुन्या रानात दत्तगुरूंसमोर उभं राहताना काय वाटतं, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. गुडघे झाकतील असे कपडे घाला. लोक हनुमानाला प्रदक्षिणा घालतात, तुम्हीही घाला.

तिथून वॉटरलू जवळच. आधी तिथलं इंडियन कॅरिबियन म्युझियम पाहा. छोटं आहे, पण जातं, लोटा, पाटा, गळ्यातली हंसुली, मळ्यावरच्या मजुरांचे फोटो, सगळं घराघरांतून गोळा केलेलं. रोज उघडं नसतं, आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

आणि मग समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. कंपनीने ते पाडायला सांगितलं, त्याने नकार दिला. त्याला १४ दिवसांची कैद झाली आणि देऊळ पाडलं गेलं. तुरुंगातून सुटल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची असेल, समुद्र तर कोणाचा नाही. मग ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड, सिमेंट, बादल्या नेत त्याने चिखलात भर घालायला सुरुवात केली. हे काम त्याने पंचवीसएक वर्षं एकट्याने, लोकांनी वेडा म्हटलं तरी चालू ठेवलं. लाटा बांधकाम खात राहिल्या. पुढे, भारतीय आगमनाला दीडशे वर्षं झाली त्या १९९५ साली, सरकारच्या मदतीने आजचं पांढरं, अष्टकोनी मंदिर आणि तिथवर जाणारी वाट पुरी झाली.

इथं भरती-ओहोटीची वेळ बघून या. भरतीला मंदिर पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. मला ओहोटी जास्त आवडते. तेव्हा दूरवर करडा चिखल उघडा पडतो, त्यावर पाणपक्षी टिपत फिरतात, आणि सायकल ढकलत इथून एक माणूस रोज आत जात होता हे डोळ्यांपुढे उभं राहतं. बाजूलाच स्मशानघाट आहे. चिता पेटलेली असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

दुपारी ऊन टाळा. साडेतीनला कारोनी दलदलीच्या धक्क्यावर हजर व्हा. चारच्या सुमारास सपाट बुडाच्या होड्या निघतात. खारफुटीच्या कालव्यांतून होडी जाते, नावाडी फांदीवर वेटोळं घालून झोपलेला साप दाखवतो. मग मोकळ्या पाण्यात येऊन होडी गप्प उभी राहते. सूर्य कलला की लाल इबिस पक्षी येऊ लागतात. आधी दोन, मग सात, मग थवेच्या थवे, आणि समोरच्या बेटावरची हिरवी झाडं बघता बघता लाल होऊन जातात. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांना जसा खाण्यातून रंग मिळतो तसाच यांनाही, चिखलातल्या कोळंबी-खेकड्यांतून. पिल्लं करडी-तपकिरी असतात. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी, तरी वर्षानुवर्षं त्याची चोरटी शिकार होत आली. २०१८ मध्ये त्याला कायद्याचं विशेष संरक्षण मिळालं. दुर्बीण न्या, भडक कपडे नकोत, आणि डासांचं मलम घरूनच लावून निघा.

दुसरा दिवस : कोकोचा डोंगर

उत्तरेच्या रांगेतली दोन गावं मी सुचवीन, लोपिनो आणि ब्रासो सेको. दोन्ही एका दिवसात करू नका. वेळ कमी असेल तर लोपिनो, आणि रानात एक रात्र काढायची तयारी असेल तर ब्रासो सेको. तिथं गावकऱ्यांकडे आधी सांगून राहायची सोय होते.

कोकोच्या जगात या बेटाचं नाव फार मोठं आहे. १७२७ च्या सुमारास इथल्या नाजूक क्रिओयो जातीच्या बागा रोगाने की वादळाने नष्ट झाल्या. पुढे मुख्य भूमीवरून काटक फोरास्तेरो जातीची रोपं आली, उरल्यासुरल्या झाडांशी त्यांचा संकर झाला, आणि त्रिनितारियो ही जात जन्मली. आज जगभर उत्तम चॉकलेटसाठी जे कोको वापरतात, त्यात हिचा मोठा वाटा आहे.

बागेत कोणीतरी माहीतगार सोबत घ्या, गावात सहज मिळतो. तो खोडालाच लगडलेलं फळ कोयत्याने उतरवून फोडतो. आत सीताफळासारखा पांढरा गर, प्रत्येक बीभोवती गुंडाळलेला. बी चावायचं नाही, फक्त गर चोखायचा. चव लिचीच्या जवळची, थोडी आंबट. चॉकलेटचा त्यात मागमूस नसतो. तो येतो पुढच्या आठवड्यात. बिया लाकडी पेट्यांत भरून केळीच्या पानांनी झाकतात आणि आंबवतात. पेटीजवळ गेलात तर आधी गरम वाफ लागते, मग व्हिनेगरसारखा झणका. नंतर त्या कोको-घराच्या माडीवर वाळत घालतात. या घराचं छप्पर रुळांवर सरकतं, ऊन असलं की मागे आणि सर आली की पुढे. पूर्वी वाळलेल्या बियांवर थोडं पाणी शिंपडून बायका-पुरुष अनवाणी पायांनी त्या घोळत, चमक यावी म्हणून. त्याला ‘कोको नाचणं’ म्हणतात. अजूनही कोणी कोणी करून दाखवतं. तुम्हाला बोलावलं तर बूट काढा आणि जा.

जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर कोकोवर सावली धरणारी उंच इमॉर्टेलची झाडं केशरी फुललेली दिसतील. आपल्या पांगाऱ्याचीच ही भावंडं. स्पॅनिश लोक त्यांना कोकोची आई म्हणत.

परतताना कोको-टी प्या. जायफळ, दालचिनी घालून वळलेला कोकोचा गोळा किसून दुधात उकळतात, वर तेलाचा तवंग येतो.

तिसरा दिवस : दक्षिण

हा दिवस लांबचा आहे. डेबेला थांबून सुरुवात करा. रस्त्यालगत ओळीने टपऱ्या आहेत : फुलौरी, कचौरी, बैगनी आणि सहीना. सहीना जरूर मागा. दशीनच्या, म्हणजे अळूच्याच पानांना डाळीचं वाटण लावून, गुंडाळी करून, कापून तळतात. पहिला घास घेतला आणि मला आमच्या अंगणातला श्रावण आठवला! चिंच-गुळाऐवजी इथं आंब्याची तिखट चटणी येते, एवढाच फरक. शाकाहारी माणसाची या बेटावर अजिबात उपासमार होत नाही : सादा रोटी आणि बैगन चोखा, म्हणजे भाकरीसारखी फुगलेली रोटी आणि वांग्याचं भरीत, हे इथल्या सकाळचं साधं जेवण आहे. कोथिंबिरीच्या जागी लांब दातेरी पानांची ‘बंधनिया’ घालतात. तिचा वास हातावर दिवसभर राहतो.

सिपारियाच्या कॅथलिक चर्चमध्ये ला दिव्हिना पास्तोरा, म्हणजे दैवी मेंढपाळीण, या नावाने मेरीची सावळी मूर्ती आहे. हिंदू तिला सिपारी माई म्हणतात. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीपासून हजारो हिंदू रांग लावून तिला तेल, तांदूळ, दागिने वाहतात, लहान मुलांचं जावळ तिच्यासाठी काढतात. चर्च त्या दिवशी त्यांच्यासाठी दार उघडं ठेवतं. आपल्याकडे माऊंट मेरीला किंवा हाजी मलंगला जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

ला ब्रेयाचं डांबर-तळं सुमारे १०० एकरांचं आहे. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने आपली जहाजं इथल्या डांबराने लिंपली होती. लांबून ते एखाद्या जुनाट वाहनतळासारखं दिसतं आणि बरेच लोक तिथूनच नाराज होऊन फिरतात. खाली उतरा. पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा, सुरकुत्यांचा. एका जागी उभे राहा आणि आपल्या पायांकडे बघा : मिनिटाभरात टाचेखाली वाटी पडायला लागते. ही जमीन हळूहळू हलत असते. म्हणूनच अधिकृत वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, मऊ जागा डोळ्यांना कळत नाहीत. गंधकाचा वास असलेल्या डबक्यांत स्थानिक लोक आंघोळ करतात. ऊन चढायच्या आत जा, दुपारी तळवे भाजतात.

चौथा दिवस आणि रात्र : पूर्व किनारा

पेट्रोल सांग्रे ग्रांदेला भरा, पुढे पंप विरळ आहेत. लोक या गावाला ‘सँडी ग्रँडी’ म्हणतात. रस्ता विचारताना तसंच म्हणा. मान्झानिया ते मायारो रस्त्यावर एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नारिवाची दलदल आणि वर नारळांचं छत. अधेमधे पाणम्हशी दिसतील. भारतातून आणलेल्या म्हशींच्या संकरातून इथं एक नवी जात तयार केली गेली आणि तिला नाव दिलं ‘बफॅलिप्सो’, म्हणजे म्हैस (बफॅलो) अधिक कॅलिप्सो, हे इथलं लोकप्रिय गाणं. समुद्रात पोहू नका, ओढ फार आहे. शहाळं प्या, टरबूज घ्या, पुढे चला.

रात्र मातुरा किंवा ग्रांद रिव्हिएरला, लेदरबॅक कासवांसाठी. १ मार्च ते ३१ ऑगस्ट हा अंडी घालण्याचा हंगाम. या काळात रात्री किनाऱ्यावर जायला परवाना आणि वाटाड्या लागतो. गावातली कासव-रक्षक मंडळी दोन्हीची व्यवस्था करतात. मातुरात हे काम १९९० पासून गावकरीच करत आले आहेत. ज्यांनी वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली आहेत त्यांना वाटेल, आपण हे पाहिलंय. पण ती मादी चाळीसेक किलोची असते आणि ही तीनशे ते पाचशे. अंधारात आधी फक्त श्वास ऐकू येतो, मोठा, थकलेला. वाटाड्या थांबा म्हणतो. ती मागच्या पायांनी खड्डा खणते; तो पाय एखाद्या बाईने हात वाकवून डब्यातून पीठ काढावं तसा वाळू उचलतो. अंडी पडायला लागली की ती आजूबाजूचं भान विसरते, तेव्हाच जवळ बोलावतात. फक्त लाल दिवा. पांढरी टॉर्च नको, फ्लॅश नको, फोनचा पडदासुद्धा नको. दोन-तीन तास उभं राहावं लागतं, लहान मुलांना दुपारी झोपवून न्या.

सुरक्षितता, आणि ओळखीचं एक साधन

त्रिनिदादमध्ये गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि पुन्हा २०२५ च्या जुलैत आणीबाणी जाहीर झाली होती. निघायच्या आठवड्यात परिस्थिती तपासा. खेडी तुलनेने शांत असली तरी निर्जन किनारे आणि धबधब्यांवर एकट्याने जाऊ नका, अंगावर सोनं नको, अंधारात अनोळखी रस्त्यावर गाडी नको. आज कुठे चाललात हे घरमालकांना सांगून निघा. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ८११.

साठी ओलांडलेल्या कोणाशी बोलायचं असेल तर मुंबईहून आलो म्हणून सांगा. पुढचा शब्द बऱ्याचदा ‘गावसकर’ असतो. १९७१ च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघातून त्यांनी पदार्पण केलं ते पोर्ट ऑफ स्पेनलाच, आणि त्याच दौऱ्यात त्याच मैदानावर १२४ आणि २२० काढले. १९७६ मध्ये तिथंच भारताने ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं. त्या वेळी झाडावर चढून सामना बघितलेला एक माणूस मला कूवाच्या बाजारात भेटला. त्याने भेंडीचे पैसे घेतले नाहीत.

परतताना

कोकोचे गोळे, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं मसालेदार लोणचं, आणि चेस व्हिलेजच्या पणत्या आणा. पणत्या कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. मी पहिल्यांदा मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या, सहापैकी दोन शाबूत आल्या. बी-बियाणं, रोपं, ताजी फळं आणू नका, कोकोचं फळही नाही. आणि लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा. मुंबईत उतरल्यावर सामान हाती यायच्या आधीच ते मागतात.